पाच बेटे, सात रात्री आणि मोठी होणारी मुले

आपल्या भागातल्या कितीतरी घरांतले कोणी ना कोणी आता अमेरिकेत असते. कोणाची मुलगी, कोणाचा पुतण्या, कोणाची बहीण. मग एके दिवशी तिकडून फोन येतो, "यंदा सगळे मिळून कॅरिबियन समुद्रात जहाजाने फिरू या. मुलं मोठी झाली, पुन्हा एकत्र कधी सापडणार?" फोन ठेवल्यावर घरात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला पैशाचा आणि दुसरा मुलांचा. चौदा-सोळा वर्षांची मुले धड लहान नाहीत, धड मोठी नाहीत. त्यांना घेऊन आठवडाभर पाण्यावर राहायचे, तर करायचे काय?

आमच्याकडे हा फोन माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा आला. आक्का आणि दाजी न्यू जर्सीत असतात. भाची एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी. आमच्या घरातले चौघे म्हणजे मी, सौ., दहावीची परीक्षा दिलेली सोळा वर्षांची मुलगी आणि चौदा वर्षांचा मुलगा. असे सात जण आम्ही गेल्या मे महिन्यात जाऊन आलो. गावोगाव फिरताना आता पुष्कळ जण विचारतात, म्हणून जे उपयोगी पडले ते इथे सांगतो.

सांगायचा मुद्दा एकच आहे. जहाजाची कंपनी आपल्याला खोली देते, जेवण देते आणि प्रत्येक बंदरावर आठ-नऊ तास देते. त्या तासांत काय पाहायचे आणि का पाहायचे, हे कंपनी सांगत नाही. ते घरानेच ठरवायचे असते, आणि ठरवताना मुलांचा वाटा असला तरच ती मनापासून बरोबर येतात. नाहीतर सात दिवस जहाजावरच्या पाण्याच्या घसरगुंड्या आणि हातातला फोन, एवढेच त्यांच्या लक्षात राहते. त्यासाठी एवढा पैसा घालून सातासमुद्रापार जायची गरज नाही.

वेळ कोणती धरावी

कॅरिबियनमध्ये 1 जून ते 30 नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम मानतात. त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत जोर जास्त. या काळातही जहाजे चालतात, पण वादळ आले की मार्ग बदलतात आणि ठरवलेले बेट राहून जाते. डिसेंबर ते मार्च हवा उत्तम असते, पण तेव्हा भाडे चढे असते आणि आपल्याकडे मुलांची शाळा व उसाची तोडणी चालू असते. तिकडची कॉलेजे मेच्या सुरुवातीला-मध्याला सुटतात, आपल्या शाळांना मेमध्ये सुट्टीच असते आणि वादळांना अजून अवकाश असतो. म्हणून आम्ही मे धरला. उन्हाळी उसाच्या पाण्याच्या पाळ्या धाकट्या भावाने सांभाळायचे कबूल केले, तेव्हाच तारीख पक्की केली.

कागदपत्रे आधी, स्वप्ने नंतर

अमेरिकेत जन्मलेली भाची आणि आपली मुले यांचे नियम वेगळे असतात, हे आधी लक्षात घ्यावे. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा लागतो आणि तो एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा हवा, कारण जहाज अमेरिकेच्या हद्दीतून बाहेर जाते आणि पुन्हा आत येते. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला कित्येकदा महिने लागतात. त्यामुळे तिकिटे काढण्याआधी व्हिसा. शिवाय वाटेतले प्रत्येक बेट वेगळा देश असतो आणि त्याचे नियम वेगळे असतात. कंपनीकडून प्रत्येक बंदराचे लेखी विचारून घ्यावे.

अज्ञान मुलांचा पासपोर्ट मोठ्यांसारखा सरसकट दहा वर्षांचा नसतो, म्हणून त्यावरची मुदत पाहावी. परतीनंतर सहा महिने तरी शिल्लक हवी. नोकरदाराने कार्यालयाची पूर्वपरवानगी घ्यावी. प्रवासाचा व आजारपणाचा विमा इथूनच काढून न्यावा. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचे पैसे भाड्यात धरलेले नसतात.

पैसा, खोली आणि फोन

पैशाबद्दल स्पष्ट बोलतो. पीककर्ज फिरवून, सोने गहाण ठेवून हा प्रवास करू नये. ज्याच्या विहिरीचे, ठिबकचे, मुलांच्या फीचे भागले आहे त्यानेच याचा विचार करावा. आमचे चौघांचे विमानभाडे जहाजाच्या भाड्याहून जास्त झाले. जहाजाच्या भाड्यात खोली, नेहमीचे जेवण आणि करमणूक येते. बंदरावरच्या सहली, थंड पेये, इंटरनेट आणि नोकरवर्गाची बक्षिसी वेगळी. ही बक्षिसी माणशी आणि दिवसागणिक खात्यावर लागते. हा आकडा आधी न धरणाऱ्याचा हिशेब शेवटच्या दिवशी चुकतो.

एका खोलीत चार जण झोपू शकतात. दोन पलंग भिंतीतून किंवा छतातून खाली येतात आणि तिसऱ्या-चौथ्या माणसाचे भाडे सहसा कमी असते. आम्ही लग्नघरासारखी व्यवस्था केली. पुरुषांची एक खोली, बायकांची एक. दोन्ही खोल्या जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घेतल्या. तिथे हेलकावे कमी बसतात. बैलगाडीत चाकाच्या वर बसणे आणि मधे बसणे यात जो फरक, तोच इथे.

मुलांच्या बाबतीत चार नियम निघण्यापूर्वीच ठरवले. जहाजाच्या हद्दीत शिरताच फोन विमानाच्या स्थितीत टाकायचा, कारण समुद्रावरच्या नेटवर्कचे बिल डोळे पांढरे करते. जहाजाचे कार्ड हीच खोलीची किल्ली आणि हाच बटवा असतो, तेव्हा मुलांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा पहिल्याच दिवशी घालून घ्यायची. दिवसभर कुठेही हिंडा, पण रात्रीचे जेवण सातही जणांनी एका टेबलावर. आणि रात्री अकराला आपापल्या खोलीत. तेरा ते सतराच्या मुलांसाठी जहाजावर वेगळा क्लब असतो, तिथे आमच्या दोघांना दोन दिवसांत मित्र मिळाले. भाचीला मात्र तो क्लब बंद. अमेरिकेच्या बंदरातून सुटणाऱ्या जहाजांवर दारूचे वय एकवीस असते, हे तिला ठाऊक होते आणि आम्हालाही.

जेवणाची काळजी सौ.ला होती. शाकाहारी असल्याचे आधी कळवले तर भात, आमटीसारखे वरण, भाज्या मिळतात. दाण्याची चटणी आणि चिवडा आम्ही बंद पाकिटात नेला आणि अमेरिकेच्या कस्टमला तो दाखवून सांगितला. आंबा, कढीपत्ता, कसलेही बी मात्र नेले नाही. त्याचे कारण शेवटी येईल.

एका बंदरावर एकाची सत्ता

आमचे जहाज पोर्टो रिको बेटावरच्या सान हुआन बंदरातून सुटणार होते. हे बेट अमेरिकेच्या ताब्यात आहे. न्यू यॉर्कहून विमानाने सुमारे चार तास. तिथून बार्बाडोस, सेंट लुसिया, अँटिग्वा, सेंट किट्स आणि पुन्हा सान हुआन. नकाशा जमिनीवर पसरून मुलांना अक्षांश काढायला लावले. सान हुआन आपल्या पुण्याच्या अक्षांशावर आणि सेंट किट्स कऱ्हाडच्या. ऊन ओळखीचे असणार, झाडे ओळखीची असणार, हे मुलांनीच शोधून काढले. मग ठरले की प्रत्येक बंदरावर एकाची सत्ता. तो सांगेल तिथे बाकीच्यांनी कुरकुर न करता जायचे. सत्ताधाऱ्याने मात्र त्या बेटाची माहिती आदल्या रात्री जेवताना सर्वांना सांगायची.

हिशेबनीस चिरंजीव झाले. सेंट किट्स, अँटिग्वा आणि सेंट लुसिया या बेटांचे चलन एकच, पूर्व कॅरिबियन डॉलर. 1976 पासून एका अमेरिकन डॉलरला त्याचे 2.70 हा भाव बांधलेला आहे. बार्बाडोसचे डॉलर एकाला दोन. वहीत तक्ता करून तो प्रत्येक भाव रुपयांत सांगू लागला, तेव्हा नारळपाणी सुद्धा दोनदा विचार करून घेतले गेले.

बार्बाडोसवर त्याचीच सत्ता. त्याने क्रिकेटचे केन्सिंग्टन ओव्हल मैदान निवडले. 29 जून 2024 रोजी याच मैदानावर भारताने दक्षिण आफ्रिकेला 7 धावांनी हरवून ट्वेंटी-20 विश्वचषक जिंकला. शेवटच्या षटकात सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला तो इथेच. मला आठवण झाली ती आमच्या वडिलांची. 1971 च्या दौऱ्यात अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली. त्या दौऱ्यात याच मैदानावर दिलीप सरदेसाईंनी 150 आणि सुनील गावसकरांनी नाबाद 117 धावा केल्या होत्या. तीन पिढ्यांचे क्रिकेट एका मैदानावर भेटले.

त्याला मी माझ्याकडून एक गोष्ट जोडली. उसाला तुरा येतो, पण त्या तुऱ्यातल्या बियांपासून रोप उगवते आणि नवी जात करता येते, हे 1888 च्या सुमारास बार्बाडोसवर बॉवेल आणि हॅरिसन यांनी दाखवून दिले. त्याच सुमारास जावा बेटावरही हेच दिसले होते. पुढे 1912 मध्ये कोइंबतूरला ऊस संशोधन केंद्र निघाले. आज आपल्या शेतात उभा असलेला को 86032 हा त्या केंद्राचाच. मुलगा म्हणाला, "म्हणजे बाबा, दोन्ही गोष्टी इथं सुरू झाल्या." मी म्हटले, क्रिकेटचे माहीत नाही, पण उसाचे खरे आहे.

सेंट लुसियावर मुलीची सत्ता. तिला ज्वालामुखी पाहायचा होता. सुफ्रिएर गावाजवळ गंधकाचा वास येणारे, उकळते चिखलकुंड आहे आणि समुद्रातून सरळ वर आलेले पिटन नावाचे दोन डोंगर आहेत. ते 2004 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. रस्ता आंबोली घाटासारखा वळणाचा, म्हणून पोट हलके ठेवून निघालो. वाटेत केळीच्या बागा लागल्या, घडांवर निळ्या पिशव्या घातलेल्या. पूर्वी इथल्या केळीला युरोपात हक्काची बाजारपेठ होती. 1990 नंतरच्या दशकात जागतिक व्यापार संघटनेपुढे तो वाद गेला, सवलती कमी झाल्या आणि अनेक लहान शेतकऱ्यांनी केळी सोडली. मुलीने आदल्या रात्री आणखी एक सांगितले होते. दोन लाखांहून कमी वस्तीच्या या बेटाने दोन नोबेल मानकरी दिले. 1979 मध्ये अर्थशास्त्रासाठी आर्थर लुईस आणि 1992 मध्ये साहित्यासाठी डेरेक वॉलकॉट. लुईस यांचा अभ्यासच शेतीतली जादा माणसे कारखान्यांकडे कशी जातात, यावर होता.

अँटिग्वावर सौ.ची सत्ता. तिने सांगितले, आज कोणी काही शिकवायचे नाही, फक्त समुद्रात बसायचे. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, असे 365 किनारे असल्याचे तिथले लोक अभिमानाने सांगतात. आम्ही एकावर बसलो आणि तो दिवस सगळ्यांत चांगला गेला, हे मान्य केले पाहिजे. तरी माझी नजर घरांच्या छपरांकडे गेलीच. या बेटावर बारमाही नदी नाही. छपराचे पाणी पन्हाळीने टाक्यांत साठवायची जुनी रीत आहे आणि आता समुद्राचे पाणी गोडे करणारे कारखानेही आहेत. माण-खटावच्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

रूळ राहिले, ऊस गेला

सेंट किट्स माझ्या वाट्याला आले. माझी निवड होती तिथली उसाची आगगाडी. 1912 ते 1926 या काळात बेटाभोवती रूळ टाकले गेले, शेतातला ऊस बासेटेर इथल्या कारखान्याला नेण्यासाठी. रुळांची रुंदी अडीच फूट, म्हणजे आपल्या जुन्या बार्शी लाईट रेल्वेएवढीच. या बेटावर साडेतीनशे वर्षे साखर झाली. युरोपातला भाव उतरत गेला, तोटा वाढत गेला आणि 2005 च्या हंगामानंतर सरकारने साखर धंदा कायमचा बंद केला. आता त्याच रुळांवरून प्रवाशांची गाडी धावते. अठरा मैल आगगाडी आणि बारा मैल बस, असा बेटाला फेरा. जहाज येईल त्या दिवशी ती सुटते, पण जागा आधी राखून ठेवावी लागते.

गाडीतून जुन्या गिरण्यांच्या धुराड्या दिसतात आणि रानात आपोआप वाढलेला ऊस दिसतो. त्याला कोणी तोडायला येत नाही. लाल गुलमोहर मेमध्ये फुललेला असतो. गुलमोहराचे जुने शास्त्रीय नाव पॉइन्सियाना. ते याच बेटावर राहिलेल्या द प्वान्सी या फ्रेंच गव्हर्नराच्या नावावरून पडले.

मुलीने विचारले, "बाबा, कारखाना बंद झाल्यावर ऊस पिकवणारी माणसं कुठं गेली?" मी तो प्रश्न गाडीतल्या माहिती सांगणाऱ्या बाईंना विचारायला लावला. त्या म्हणाल्या, कोणी हॉटेलात, कोणी बांधकामावर, कोणी परदेशी. माझे वडील उसावर होते, मी या गाडीवर आहे. मुलगी बराच वेळ गप्प होती. आमचा तीन एकर ऊस आहे आणि पुढे शेतीचे काय, हा विषय आमच्या घरात जेवताना निघतो आणि अर्धवट राहतो. त्या रात्री तो जहाजावर पुरा दोन तास चालला. एकाच पिकावर आणि एकाच बाजारावर विसंबलेले घर किती नाजूक असते, हे मी सभांतून कितीतरी वर्षे सांगत आलो. माझ्या मुलांनी ते पहिल्यांदा त्या रुळांवर ऐकले. कृषीला जायचे की नाही हे तिने अजून ठरवलेले नाही, आणि ते तिनेच ठरवायचे आहे.

आणखी एक गोष्ट मोठ्या मुलांपासून लपवू नये. ही साखर आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या कष्टाची होती. सेंट किट्सवरचा ब्रिमस्टोन हिल किल्ला त्यांनीच शंभर वर्षे दगड वाहून बांधला. इंग्रजांच्या बेटांवर 1834 मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि 1838 मध्ये खरी मोकळीक मिळाली. मग मळ्यांसाठी भारतातून करारावर मजूर नेले गेले. त्रिनिदादला पहिले जहाज 1845 मध्ये पोचले, सेंट लुसियाला 1859 मध्ये. त्यांतले बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशाकडचे. आपण जेवणावळी झोडत ज्या पाण्यावरून जातो, त्याच पाण्यावरून ही माणसे गेली. हे भाचीने सांगितले, आणि टेबलावर मिष्टान्न तसेच राहिले.

येताना काय आणू नये

शेतकरी माणूस परदेशात गेला की त्याचा हात बियाण्याकडे जातो. तिथली पपई गोड लागली, मिरची वेगळी दिसली, की चार बिया रुमालात. हे करू नये. आपले सीताफळ, पेरू, पपई, काजू, अननस मूळचे अमेरिका खंडाकडचे, हे खरे. पण त्या वाटेने नुसती फळे येत नाहीत.

दोन उदाहरणे सांगतो. उसातल्या उंदरांवर इलाज म्हणून 1872 मध्ये कलकत्त्याहून जमैकात मुंगसे नेली आणि तिथून ती इतर बेटांवर गेली. उंदीर रात्री हिंडतो, मुंगूस दिवसा. मुंगसांनी कोंबड्या, जमिनीवरची घरटी आणि कासवांची अंडी संपवली. मुलांना अँटिग्वा आणि सेंट किट्सवर मुंगूस आडवे गेले, तेव्हा त्यांना वाटले शुभशकुन झाला.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे. पपईवरचा पिठ्या ढेकूण मूळ मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा. 1994 च्या सुमारास तो कॅरिबियन बेटांवर पसरला, 2008 मध्ये कोइंबतूरला दिसला आणि दोन वर्षांत आपल्या बागांत पोचला. त्या वेळी पांढरी पडलेली झाडे उपटून टाकणारे शेतकरी मी पाहिले आहेत. त्याचा बंदोबस्त करणारी अॅसेरोफॅगस नावाची बारीक गांधीलमाशी 2010 मध्ये सरकारी परवानगीने, तपासून आणली गेली. कुठून? पोर्टो रिकोहून. ज्या बेटावरून आमचे जहाज सुटले तिथून. पीडा न विचारता आली होती, औषध मात्र परवानगीने आले. म्हणून बी, फळ, रोप, माती काहीही बरोबर आणू नये. कायद्यानेही त्याला आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. जहाजावरून फळ खाली बेटावर नेणेही मना असते. आणि परतताना चपलांच्या तळाची माती धुऊन घ्यावी.

शेवटी थोडक्यात. बंदरावर परत यायच्या वेळेच्या एक तास आधी जहाजावर यावे, कारण ते कोणासाठी थांबत नाही. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवावे. पहिल्या दिवशीची सुरक्षेची कवायत मुलांनी टाळू नये. हात वारंवार धुवावेत, उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून जवळ ठेवावी. सान हुआनला एक दिवस आधी पोचावे, म्हणजे विमान उशिरा आले तरी जहाज चुकत नाही. आणि निघण्यापूर्वी एका रविवारी सगळ्यांनी जमिनीवर नकाशा पसरून बसावे. ज्या घरात पेरणीचा बेत मुलांना विचारून होतो, त्या घराला हे अवघड जाणार नाही. ज्या घरात अजून तसा होत नाही, त्यांना सुरुवात करायला हे निमित्त वाईट नाही.